यंत्रमागावरचा सुपरमॅन

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. कामगारांची ही हक्काची सुटी, आणि सिनेमाचा वारही हाच. इथलं सिनेमावेड जगावेगळं. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'टायगर ३' चालू असताना प्रेक्षकांनी भर थिएटरात फटाके आणि रॉकेटं उडवली. खेळ बघायला आलेल्यांनी स्वतःच खेळ करून दाखवायचा, ही खोड या गावाला जुनीच आहे.

गाव तसं लढवय्यांचं. मोसम नदीकाठचा भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात बांधला. १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा आतल्या अरब शिपायांनी तो चिवटपणे लढवला. पुढे १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळात उत्तरेकडचे मोमीन विणकर इथे येऊन स्थिरावले. हातमागांच्या जागी यंत्रमाग आले आणि त्यांचा खडखडाट रात्रंदिवस सुरू झाला. बारा-बारा तास त्यापुढे उभं राहणाऱ्या माणसाला करमणूक हवी ती स्वस्त आणि हाताशी. व्हिडिओ पार्लरं चालली ती या गिऱ्हाइकाच्या जिवावर.

अशाच एका पार्लरचा चालक म्हणजे नासिर शेख. लग्नांचं व्हिडिओ शूटिंगही तो करायचा. दोन व्हीसीआर जोडून फिल्म कापायची-जोडायची विद्या त्याने कुठल्या शाळेत नव्हे, धंद्यातच कमावली. मग गावातल्याच पोरांना घेऊन त्याने 'मालेगाव के शोले' काढला. पैसा जेमतेम, म्हणून मूळ चित्रपटातल्या रेल्वेच्या जागी बस आली. गब्बरसिंगचा रबरसिंग झाला, बसंतीची बासमती. विडंबन म्हणावं तर ही टिंगल नव्हती. 'शोले' ज्यांना तोंडपाठ होता त्यांनी तो आपल्या मापाने बेतून घेतला होता, आणि गावाने तो डोक्यावर घेतला. पाठोपाठ गावात असे चित्रपट काढणाऱ्यांची रांग लागली.

२००८ च्या सुमाराला फैजा अहमद खान कॅमेरा घेऊन मालेगावात पोचली, तेव्हा नासिर 'मालेगाव का सुपरमॅन' करत होता. या शूटिंगवर तिने तासाभराचा माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. विक्षिप्त वाटणाऱ्या माणसांवर माहितीपट काढणं फसवं काम आहे. शहरी प्रेक्षकाला हसवायला ती माणसं आयती सापडतात. इथे तर हसू येण्याजोगं सगळंच होतं: काडीपैलवान नायक, त्याच्या लाल चड्डीचा बाहेर लोंबणारा नाडा, छातीवर 'एस'ऐवजी मालेगावचा 'एम', आणि घाणीवर प्रेम करणारा खलनायक.

फैजाने मात्र कॅमेरा रोखला तो कामावर. ट्रॉली नाही म्हणून सायकल, क्रेन नाही म्हणून बैलगाडी. सुपरमॅनला उडवायचं तर मागे हिरवं कापड लावायचं. शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा प्रेक्षकाच्याही पोटात गोळा येतो, कारण तोवर त्याला एकेका वस्तूची किंमत कळलेली असते. लेखक फरोग जाफरी मुंबईविषयी बोलतात. तिथून बोलावणं येण्याची वाट बघण्यात वर्षं गेल्याचं दुःख त्यांच्या बोलण्यात आहे. मुंबईचा रस्ता, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग, तर गावातूनच जातो. माझ्या लेखी माहितीपटातला सर्वांत जड भाग म्हणजे फरोग यांचं हे बोलणं.

सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमाग कामगार. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न झालं. पुढे कर्करोगाने त्याला गाठलं आणि २०११ मध्ये तो गेला. माहितीपट भारतातल्या थिएटरांत लागला जून २०१२ मध्ये.

हे सगळं नाशिक जिल्ह्यातच घडावं, हा योगायोग लिहिल्यावाचून राहवत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी आपला चित्रपटांचा कारखाना नाशिकला आणला, आणि १९१७ मध्ये 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा पट काढून पडद्यामागचा खटाटोप लोकांना दाखवला. चित्रपट करणाऱ्यांवरच चित्रपट करायचा, ही कल्पना नाशिक जिल्ह्यात फैजाच्या नव्वद वर्षं आधीच येऊन गेली होती. अडचणीही सारख्याच. 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना नटी मिळेना, शेवटी तारामती केली साळुंके नावाच्या तरुणाने. मालेगावात घरच्या बायका पडद्यावर येणं अशक्य, म्हणून नासिरला नायिका बाहेरून आणावी लागली. फाळक्यांच्या हाती निदान विलायतेहून आणलेला कॅमेरा होता. नासिरकडे होता तो लग्नांच्या शूटिंगचा.

सीडीचा बाजार बसल्यावर मालेगावचा जुना धंदाही बसला; विनोदी फिती आता यूट्यूबवर जातात. नासिरची गोष्ट मात्र मुंबईला पोचली. रीमा कागतीचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' सप्टेंबर २०२४ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला थिएटरांत आला. त्यात आदर्श गौरव नासिर झाला, शशांक अरोरा शफीक आणि विनीतकुमार सिंह फरोग. मुंबईची नक्कल करून पोट धरून हसायला लावणाऱ्या गावाची नक्कल आता मुंबईने केली, आणि तीही चांगल्या खर्चाने. अभिनय उत्तम आहे, रडूही येतं. पण नाडा लोंबणारा खरा शफीक बघायचा असेल तर फैजाचाच माहितीपट लावावा लागतो.