गणितशिक्षकांच्या शिक्षणाचा आरंभ

मुंबई इलाख्यांत शिक्षकांस शिकवून तयार करण्याची प्रथा एल्फिन्स्टन विद्यालयांत इ. स. १८४५ (शके १७६७) मध्यें नॉर्मल वर्ग निघाला तेव्हांपासून सुरू झाली, अशी पुष्कळांची समजूत आहे. गणिताच्या शिक्षकांपुरती तरी ती सोडावी लागेल.

जुन्या गांवशाळेंतील पंतोजीस शिकविण्याचें शिक्षण असें कोणी देत नसे. स्वतः मुलगा असतांना त्यानें जी उजळणी घोकली तीच तो मुलांकडून घोकून घेई : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. ही विद्या टाकाऊ नव्हे. पेठेंतला सारा व्यवहार तिच्यावर चाले, आणि तोंडी हिशेबांत त्या मुलांशीं बरोबरी करणें आजच्या पदवीधरासहि जड जाईल. परंतु त्रैराशिकाची उपपत्ति ह्या शाळेंत कोणी पुसत नसे, व भूमितीचा अभ्यास तेथें नव्हता. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारास जमिनीची मोजणी व सडका यांसाठीं नेमकी हीच विद्या जाणणारीं माणसें हवीं झालीं.

मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे स्वतः इंजिनियर. वुलिच येथील लष्करी विद्यालयाचे अध्यापक चार्लस हटन यांच्या गणितग्रंथावरून त्यांनीं जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साह्यानें मराठी पुस्तकें सिद्ध केलीं. बीजगणित, त्रैराशिक, वर्गमूळ हे शब्द भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तयारच होते. मांडणी विलायती, परिभाषा आपली. इ. स. १८२६ च्या सुमारास सोसायटीनें २४ शिक्षक शिकवून जिल्ह्यांच्या शाळांवर धाडले. त्यांत मराठीचे होते, तसे गुजराथीचेहि होते. म्हणजे नॉर्मल वर्गाच्या सुमारें १९ वर्षें आधीं, आणि तेंहि देशभाषांतून, हें काम झालें होतें. जर्व्हिस यांचा हा आग्रह पुढेंहि सुटला नाहीं. इ. स. १८४७ च्या सुमारास बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्यें सर अर्स्किन पेरी इंग्रजीची बाजू मांडीत असतां जर्व्हिस देशभाषांच्या बाजूनें भांडत होते.

यामुळें नॉर्मल वर्गाची योग्यता उणी होत नाहीं. त्याचे प्रमुख बाळशास्त्री जांभेकर हे अव्वल गणिती. ‘शून्यलब्धि’ हा चलनकलनावरील मराठी ग्रंथ त्यांचा. कुलाब्याच्या वेधशाळेचें कामहि त्यांनीं पाहिलें होतें. पंतोजीची जागा घेणाऱ्यांस असा गुरु लाभावा हा योग मोठा, पण इ. स. १८४६ च्या मे महिन्यांत ते वारले. वर्गास त्यांचा सहवास जेमतेम वर्षभर घडला.

आतां संग्राहकांस एक विनंति. त्याच १८४५ सालीं जांभेकरांनीं शोधून छापविलेली ज्ञानेश्वरीची शिळाप्रत आपण रुमालांत बांधून जपतों, आणि जर्व्हिसकालीन गणिताचीं पुस्तकें व शिक्षकांनीं हातानें उतरलेल्या वह्या मात्र ‘किरकोळ हिशेब’ म्हणून रद्दींत जातात. बखरीची दुसरी प्रत मिळूं शकते. ह्या वह्यांची बहुधा नाहीं. ते २४ शिक्षक वर्गांत काय व कसें शिकवीत, हें कळण्याचें दुसरें साधन नाहीं. भूमितीच्या आकृति असलेली किंवा उदाहरणें रीतीसह सोडविलेली जुनी वही कोणाच्या दप्तरांत असेल तर तिचें पहिलें व शेवटचें पान जसेंच्या तसें उतरून, कागद, शाई व मालकाचें गांव यांच्या नोंदीसह, मंडळाकडे पाठवावें.