आंबट पिठाची वंशावळ

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची अमेरिकेहून आली. तिने मामीच्या हातात एक कागदी पुडी ठेवली. पुडीत वाळलेल्या पिठाच्या खपल्या होत्या.

"मामा, हे सॅनफ्रान्सिस्कोच्या आंबट पावाचं खमीर आहे. भिजवलं की जिवंत होतं!"

वीस वर्षे मुलांना इतिहास शिकवणारा मी नुसता हसलो. सौभाग्यवतींनी मात्र खपल्या कोमट पाण्यात भिजवल्या, त्यांत थोडी कणीक कालवली आणि बरणीवर फडके बांधले. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले. चौथ्या दिवशी पीठ दुप्पट फुगले. पुढचा नियम भाचीने सांगितला: रोज निम्मे काढायचे आणि उरलेल्यात पीठ व पाणी समभाग घालायचे. निम्मे काढले नाही, तर घातलेले अन्न त्या गर्दीला पुरत नाही आणि आंबटपणा वाढत जातो. फ्रिजमध्ये ठेवले, तर आठवड्यातून एकदा घातले तरी भागते.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. या पिठाचे कुळ कोणते?

वाचकहो, हे कुळ फार जुने आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात प्राण गमावलेला रोमन पंडित प्लिनी याने खमिराच्या कृती लिहून ठेवल्या आहेत. द्राक्षाच्या ताज्या रसात भरड धान्य मळून केलेले खमीर वर्षभर टिके, असे तो सांगतो. पण त्याच्या काळीही बहुतेक लोक आदल्या दिवशीच्या पिठाचा गोळाच राखून ठेवीत.

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी जग तिकडे धावले. त्याच १८४९ साली सॅनफ्रान्सिस्कोत बूदँ या फ्रेंच घराण्याची बेकरी निघाली. १९०६ च्या भूकंपाने आणि आगीने शहर बेचिराख झाले. तेव्हा लुईज बूदँ या बाईने खमीर बादलीत घालून वाचवले, असे सांगतात. १८९६ नंतर क्लोंडाइकच्या बर्फात सोने शोधणाऱ्यांचे तर नावच 'सोरडो', म्हणजे 'आंबट पीठ', असे पडले. एक हिवाळा तिथे काढलेल्यालाच तो मान! खमीर गोठू नये म्हणून ही माणसे ते अंगाशी धरून निजत.

दरम्यान १८५७ साली फ्रान्समध्ये पाश्चरने दूध आंबण्यामागे सूक्ष्म जीव असतात, हे दाखवून दिले. १८६८ साली सिनसिनाटीत फ्लाइशमन बंधूंनी यीस्टच्या तयार वड्या विकायला काढल्या आणि घरोघरची खमिराची भांडी हळूहळू रिकामी झाली. पाव लवकर फुगू लागला; आंबूस चव मात्र गेली. त्या चवीचे मर्म १९७१ साली क्लाइन आणि सुगिहारा या संशोधकांनी उकलले. सॅनफ्रान्सिस्कोच्या पिठात एक यीस्ट आणि एक जिवाणू एकत्र नांदतात. पिठातली माल्टोज नावाची साखर जिवाणू खातो, यीस्ट तिला शिवतही नाही. जिवाणूच्या आम्लाने परक्या जंतूंना दार बंद होते. यीस्टला मात्र ते आम्ल सोसते. एका घरात दोन चुली, पण भांडण नाही!

एवढे सगळे टिपून ठेवले, आणि सहामाहीच्या वेळी सौभाग्यवती माहेरी गेल्या. बरणी माझ्यावर सोपवली होती. पेपर तपासण्याच्या गडबडीत मी तीन आठवडे तिच्याकडे पाहिले नाही. पाहिले तेव्हा वर काळपट पाणी साचले होते. शतकाहून जुने कुळ माझ्या हातून बुडाले, असे वाटून मी खजील झालो.

त्या परत आल्या. बरणी उघडून त्यांनी वास घेतला.

"अहो, मेलं नाही ते. उपाशी आहे."

वरचे पाणी ओतून त्यांनी चमचाभर पीठ नव्या कणकेत कालवले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा फुगले.

"तुला हे कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? विरजणासारखंच तर आहे. मी लग्न होऊन आले, त्या आठवड्यात आईंनी दिलेलं विरजण अजून चालू आहे."

"आई गेली तेव्हा तेरा दिवस घरात दही लागलं नव्हतं. मग?"

"खंडलंच होतं तेव्हा. शेजारच्या वहिनींकडून वाटीभर आणलं. त्यांनाही ते आईंनीच दिलेलं."

मी गप्प झालो. आई जाऊन नऊ वर्षे झाली. बूदँबाईंच्या बादलीपर्यंत मी पोचलो होतो. माझ्याच ताटातल्या दह्याचा इतिहास मात्र मला ठाऊक नव्हता.

या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर आमच्याकडून शेजारी आंबट पिठाची एक वाटीही जाणार आहे. वहिनी पाव भाजत नाहीत, म्हणून मी शंका काढली, तर उत्तर मिळाले,

"न भाजेनात का! आपल्याकडचं मेलं तर मागायला एक घर नको?"