तळटीप : पाचनई
पाचनई : अकोले तालुक्यातले, हरिश्चंद्रगडाच्या (१,४२४ मीटर) पायथ्याचे गाव. वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी समाजाची. खाचरांत भात, उतारावर नाचणी आणि वरई. लेखकाला वैशाखात दिसलेला धूर राबभाजणीचा असावा. रोपे टाकायच्या जागेवर शेण, वाळलेल्या डहाळ्या, पालापाचोळा यांचे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि सावकाश जाळतात. तणाचे बी मरते, राखेवर रोप जोमाने उठते. जंगलनाशाचा ठपका या शेतकऱ्यांवर सरसकट ठेवणे अन्यायाचे आहे. राबासाठी फांद्या छाटतात, खोड राखतात. या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो. पण मातीचा थर पातळ, खाली बसाल्टचा कातळ. पाणी मुरण्याआधीच ओढ्यांतून मंगळगंगेला मिळते आणि उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन झरे धुंडाळावे लागतात. — संपा.