स्नो डे

बर्फामुळे शाळा-कचेऱ्यांना अचानक मिळालेली सुट्टी. आपल्याकडे अतिवृष्टीत मिळते तशीच. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अटलांटात बर्फ क्वचितच पडतो, त्यामुळे तो हटवणारी वाहनेही मोजकीच. २८ जानेवारी २०१४ रोजी जेमतेम अडीच इंच बर्फ पडला, सारे शहर एकदमच घरी निघाले आणि महामार्ग तुंबले. हजारो मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. तेव्हापासून नुसत्या अंदाजावरही सुट्टी जाहीर होते. दुकानांतले दूध-ब्रेड मात्र त्याआधीच संपलेले असते.

अशा दिवशीचे ‘स्नो क्रीम’ विकतचे नव्हे. अंगणातल्या ताज्या बर्फात दूध, साखर आणि व्हॅनिला कालवून ते घरीच करतात. घाईने, कारण असा बर्फ फार टिकत नाही.