दक्षिणा : एका शब्दाचे अर्थांतर

यज्ञकर्माच्या अखेरीस ऋत्विजांस द्यावयाचे देय ते ‘दक्षिणा’. महाराष्ट्रात हा शब्द राज्याच्या जमाखर्चात रुजला तो श्रावणमासातील दानामुळे. तळेगावकर दाभाडे सेनापतींचा हा प्रघात पेशव्यांनी पुढे पुण्यास चालविला. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत आणि विद्वत्ता पाहून कोणास थोडे, कोणास अधिक मिळे. विद्येचा सन्मान कोठे संपतो आणि धर्मकृत्य कोठे सुरू होते, हा प्रश्न त्या काळी कोणास पडला नव्हता.

१८१८ साली हा खर्च परधर्मी सरकारच्या माथी आला. तो एकाएकी बंद करणे एल्फिन्स्टनला इष्ट वाटले नाही. मग दक्षिणेच्या रकमेचाच एक भाग काढून १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. वेदाध्यापन तेथे होतेच आणि तेही सरकारी पैशाने. पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे बंद झाले. जुन्यांस मात्र हयातभर रक्कम मिळत राहिली. सावधपणाचा याहून बोलका नमुना क्वचितच सापडेल.

खरा वाद पेटला तो १८४९ साली. दक्षिणेचा काही भाग उत्तम मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्याकडे वळवावा, असा अर्ज लोकहितवादी प्रभृती सुधारकांनी केला. सनातन पक्ष खवळला. जोतीराव फुले यांनी सुधारकांची पाठराखण केली. १८५१ साली ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ स्थापन झाली. शब्द तोच राहिला, पण घेणाऱ्याची पात्रता बदलली : मंत्रपाठाच्या जागी ग्रंथरचना आली. पुढे ‘दक्षिणा फेलो’ हे पद निघाले आणि महादेव गोविंद रानडे यांनीही ते भूषविले.

तथापि लाभ बहुतांशी त्याच वर्गाकडे राहिला, हे नाकारता येणार नाही. शिक्षणावर खर्ची पडणारा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि फळ मात्र वरिष्ठ वर्गास मिळते, ही १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी मांडलेली तक्रार पैसा कोणाचा, या मूळ प्रश्नालाच हात घालते. धर्मशिक्षणाच्या वादात हा प्रश्न सहसा मागे पडतो.

राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षणास मनाई केली. पण ज्या संस्थेचा कारभार राज्य पाहते आणि जिच्या मूळ दानपत्रातच धर्मशिक्षणाची अट आहे, तिला ही मनाई लागू नाही. दात्याच्या हेतूस इतके महत्त्व १८५१ च्या कमिटीने दिले नव्हते.