जकात

सीमेवरच्या करासाठी आज पाटीवर ‘सीमाशुल्क’ आणि बोलण्यात ‘कस्टम’ असले, तरी मराठीचा जुना शब्द ‘जकात’. अरबीत त्याच्या मुळाशी शुद्धी आणि वृद्धी. अर्थ, मालमत्तेतून काढून द्यायचा धर्मविहित वाटा. फारसीमार्गे येता येता तो मालावरचा कर झाला. १६७१मध्ये शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला लावली, ती स्वराज्यातले मीठ खपावे म्हणून. दान आपण काढतो, कर तर नाक्यावर घेतला जातो, मग नाते कसले, असे कोणी विचारेल. पण १९६२चा सीमाशुल्क कायदाही सामानाची माहिती प्रवाशानेच जाहीर करावी, असे सांगतो. म्हणून परदेशातून येताना शुल्कपात्र वस्तू असेल तर लाल मार्गिका, नसेल तर हिरवी. शहरात येणाऱ्या मालावरची मुंबईची जकात २०१७मध्ये संपली; शब्द मात्र जकातनाक्यांच्या नावांत अजून रोज वापरात आहे.