खेळण्यातील फौजा आणि त्यांचे कारागीर

श्रोतेहो, इतिहासाच्या व्याख्यानात फौजेचा विषय निघाला की आपण तलवारी, तोफा आणि तहनामे यांची अपेक्षा धरता. आज आम्ही ज्या फौजेविषयी बोलणार आहोत ती बोटभर उंचीची आहे. तिच्यातला पडलेला शिपाई पुन्हा उभा करता येतो आणि तिची सगळी छावणी बुटांच्या खोक्यात मावते. परंतु तिलाही इतिहास आहे आणि तो बराचसा मजुरीचा इतिहास आहे. म्हणूनच तो सांगण्याचे काम आमच्यासारख्या कामगार चळवळीत केस पिकवलेल्या माणसाकडे आले असावे.

तारोडीच्या माणसाला फौज ही काही दूरची गोष्ट नाही. डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली ही गावे ज्या धारावी बेटावर वसली आहेत, त्याच बेटावर चौकला धारावीचा किल्ला आहे. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेत पोर्तुगीज आणि चिमाजी अप्पांचे सैन्य या ठाण्यासाठी झुंजले, कारण वसईच्या खाडीचे तोंड येथून राखता येते. हा झाला खरा किल्ला. त्याच्या जोडीला आपल्या मीरा-भाईंदरच्या चाळींत आणि इमारतींच्या आवारात दर दिवाळीला दुसरे किल्ले उठतात. दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल यांचा डोंगर करायचा, त्यावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची, माथ्यावर सिंहासनावर महाराज बसवायचे आणि वाटेवाटेने मावळे उभे करायचे. पायथ्याशी एखादी गवळण, एखादा वाघ आणि कधी कधी मोटारगाडीसुद्धा! इतिहासाच्या पंडितांनी नाक मुरडावे असा हा कारभार असतो. आम्हांला तो आवडतो. दिवाळी सरली की दीड महिन्याने तारोडी-डोंगरीच्या ख्रिस्ती घरांतून नाताळचा गोठा मांडला जातो. त्यात मेंढपाळ, मेंढरे, तीन राजे आणि उंट येतात. धर्म वेगळे, सण वेगळे, पण मुलांच्या हातात येणारी वस्तू एकच: छोटी, रंगीत, ओळखू येणारी बाहुली. ती त्या हातात कोणत्या भावाने आली, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

पूर्वी मावळा मातीचा असे. कुंभार दोन अर्धांच्या साच्यात माती दाबून तो काढी. अर्धे जोडायचे, सांधा बोटाने पुसायचा, वाळवायचे आणि रंगवायचे. साच्यामुळे अंग झटपट तयार होई, परंतु पगडी, मिशी, डोळे, कमरबंद हे सगळे हातानेच करावे लागे. हे काम बहुतेक घरातल्या बायकांकडे आणि पोरांकडे असे. मातीचा मावळा पडला की फुटायचा आणि त्यामुळे पुढच्या दिवाळीला कुंभाराचा धंदा चालू राही. पुढे प्लास्टर आले, तरी हिशेब तोच राहिला: अंगाला वेळ थोडा, रंगाला वेळ फार. हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा, कारण तो धरूनच आपल्याला आता युरोपात जायचे आहे.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात अठराव्या शतकात हिल्पर्ट नावाच्या कारागिराने कथलाचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या विजयांचा तो काळ होता आणि घराघरातल्या मुलांना त्याची फौज हवी होती. पुढच्या शतकात त्याच शहरात हाइनरिक्सेन यांच्या कारखान्याने तीस मिलिमीटर उंचीचे माप रूढ केले. साचे पाटीच्या दगडात उलटे कोरलेले असत. कोरणारा कसबी कारागीर मोठ्या मानाचा, आणि शिपाई मात्र वजनावर विकले जात. रंगवण्याचे काम शहरातल्या गरीब घरांतून होई. बायका आणि मुले दिव्याच्या उजेडात एकेका शिपायाच्या कोटाला निळा रंग लावीत बसत. कोरणाऱ्याचे नाव ग्रंथांत राहिले, रंगवणाऱ्यांचे राहिले नाही.

मोठ्या माणसांनाही या बाहुल्यांचा मोह सुटलेला नाही. आपल्याकडे चतुरंगाचा पट फार प्राचीन. त्यातली चार अंगांची सेना म्हणजे एक लहानशी फौजच होय. प्रशियात राइसविट्झ बापलेकांनी १८१२ ते १८२४ च्या दरम्यान नकाशावर लढाई खेळण्याची पद्धत बसवली आणि सेनाधिकाऱ्यांना ती शिकवली जाऊ लागली. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन या खेळणीवाल्याने एक युक्ती काढली. साच्यात शिशाचा रस ओतायचा आणि बाहेरचा थर थिजताच उरलेला रस पुन्हा ओतून काढायचा. शिपाई आतून पोकळ निघतो, धातू कमी लागतो आणि जर्मन मालाला स्वस्तात टक्कर देता येते. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने अशाच शिपायांना घेऊन जमिनीवर बसून खेळण्याचे नियम केले आणि १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाने छापले. मोठ्या लढाईपेक्षा ही छोटी लढाई बरी, असा त्याचा उघड अभिप्राय होता. पुढच्याच वर्षी मोठी लढाई सुरू झाली. असो.

शिसे हे विष आहे. ओतणाऱ्याच्या फुप्फुसात आणि तोंडात खेळणे घालणाऱ्या पोराच्या पोटात ते सारखेच जाते. तरीही शिशाचे शिपाई साठाव्या दशकापर्यंत चालले आणि ब्रिटन कंपनीने १९६६ साली त्यांचे उत्पादन थांबवले. तोपर्यंत प्लास्टिकने बाजार काबीज केला होता.

प्लास्टिकचे यंत्र ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. वरच्या चाडीतून दाणा पडतो, तापलेल्या नळीत वितळतो, मळसूत्राच्या दाबाने पोलादी डायमध्ये घुसतो आणि पाण्याने थंड होऊन घट्ट बसतो. डाय उघडली की एका दांडीला लोंबणारे शिपायांचे घोस बाहेर पडतात. डाय बनवायला पैसा लागतो तो डोळे पांढरे करणारा. पण एकदा ती बनली की तिच्यातून हजारो शिपाई काढता येतात आणि जितके अधिक काढावेत तितका एकेक शिपाई स्वस्त पडतो. डायचे दोन अर्ध सरळ उघडतात, म्हणून शिपायाचे अंगही त्याच दिशेने मोकळे असावे लागते. हात अंगाला चिकटलेला, तलवार एका पातळीत. स्वस्त प्लास्टिकचा मावळा थोडा चेपलेला का दिसतो, याचे उत्तर येथे आहे. त्यात कारागिराची आळशीपणाची खोड शोधू नये.

हे यंत्र आपल्या दारात कसे आले? भारतात पॉलिस्टायरीनचे उत्पादन १९५७ साली सुरू झाले आणि १९६८ साली ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा कारखाना उभा राहिला. दाणा जवळ मिळू लागल्यावर मुंबईच्या उपनगरांत लहान लहान गाळे झाले. भाईंदरच्या पूर्वेला आजही अशा गाळ्यांतून बादल्या, झाकणे, डबे यांची यंत्रे चालतात.

आता एका विचित्र सैन्याकडे वळू. उत्तर युरोपातल्या लोककथांत एल्फ नावाची एक जमात आहे. टोकदार कान, सडपातळ बांधा, दीर्घ आयुष्य. आपल्या यक्ष-गंधर्वांच्या जवळपासची म्हणा. टोल्कीन या इंग्रज प्राध्यापकाने १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या कादंबरीत त्यांना तिरंदाज योद्धे म्हणून उभे केले. अमेरिकेत १९७४ साली कल्पित जगातल्या साहसांचा एक खेळ छापला गेला आणि इंग्लंडमध्ये १९८३ साली वॉरहॅमर नावाचा फौजांचा खेळ आला. त्यात एकेका खेळाडूला एल्फांची पलटणच्या पलटण लागे. सुरुवातीच्या बाहुल्या धातूच्या होत्या. त्या रबरी साच्यात गरगर फिरवून ओतत. साचा स्वस्त, पण प्रत्येक बाहुली महाग. एक सेनापती घ्यायला हरकत नाही, परंतु एकसारखे वीस भालाईत घ्यायचे म्हणजे शाळकरी मुलाचा खिसा रिकामा! प्लास्टिकची गरज येथेच पडली. १९९२ च्या आवृत्तीच्या खोक्यात प्लास्टिकचे एल्फ आणि गॉब्लिन समोरासमोर भरून आले. पुढे या कंपनीच्या किमती चढत गेल्या, तेव्हा नॉटिंगहॅम शहरातच मँटिक नावाची नवी कंपनी निघाली. तिने कमी पैशांत मोठी फौज हेच आपले बोधवाक्य केले आणि तिच्या पहिल्या पलटणींतही एल्फच होते.

एल्फ स्वस्त का झाला? यंत्रामुळे, असे कोणीही म्हणेल. ते उत्तर अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर रंगात आहे. १९५९ पासून इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने बोटाच्या पेराएवढे शिपाई न रंगवता खोक्यात भरून विकले. पुढचे एल्फ तर सुटे भाग म्हणून दांडीला लटकलेलेच येऊ लागले. कापा, घासा, चिकटवा आणि रंगवा, सगळे गिऱ्हाइकाने. न्यूरेंबर्गच्या गरीब बाईने जे काम पोटासाठी केले, ते काम आता सुस्थितीतला माणूस रविवारी आनंदाने करतो. एवढेच नव्हे, त्यासाठी रंगाच्या बाटल्या आणि कुंचले पदरचे पैसे देऊन घेतो! यात आम्हांला हसू येते, पण मत्सर वाटत नाही. सक्तीची मजुरी छंदात बदलली, एवढे चांगले इतिहासात वारंवार घडत नाही.

पण रंगवलेले खेळणेच हवे असणाऱ्या गिऱ्हाइकाचे काय? तेथे रंगवणारी बाई नाहीशी झाली नाही, तिचे गाव बदलले. साठाव्या दशकात ब्रिटन कंपनीच्या हेरल्ड मालिकेतले प्लास्टिकचे शिपाई हाँगकाँगला तयार होऊ लागले. एक शहर महाग झाले की काम दुसऱ्या शहरात जाते. आमच्या चळवळीत हा धडा आम्ही गिरण्यांपासून पाठ केलेला आहे.

हा धडा आम्ही आमच्या परिसरातही पाहिला. काही वर्षांपूर्वी एका गाळ्यातून प्लास्टिकचे मावळे पोत्यात भरून बायकांच्या घरी जात. मोल्डिंग गाळ्यात, रंग चुलीपाशी, मजुरी डझनावर. रंग जरा पसरला की डझन नापास होई. त्याचे पैसे कापले जात, आणि तो ‘नापास’ मावळा बाजारात मात्र दिसे. हजेरी नाही, पावती नाही, म्हणून मालक म्हणे की या आमच्या कामगार नव्हेत. कायद्याचे बोलायचे तर १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा माणसांची अट घातली होती आणि २०२० च्या संहितेने ती वीसवर नेली. ज्या गाळ्यात सहा माणसे आणि घराघरांत चाळीस बायका, तो गाळा या मोजणीत सापडतच नाही. किमान वेतनाच्या कायद्यात नगावरच्या मजुरीला दर ठरवण्याची सोय आहे, पण दर मागायला कोणीतरी समोर यावे लागते.

त्या बायका समोर आल्या, त्या अगदी साध्या रीतीने. दिवाळीला पंधरा दिवस उरले असताना त्यांनी नवे पोते उचलायला नकार दिला. घोषणा नाही, मोर्चा नाही. मालक दोन दिवस दुसऱ्या वस्तीत हिंडला आणि तिसऱ्या दिवशी परत आला. कारण मिशी काढायला हात बसलेला लागतो आणि बसलेला हात दोन दिवसांत तयार होत नाही. डझनाचा दर वाढला आणि नापास माल बाईलाच परत द्यायचा, म्हणजे तो विकता येणार नाही, असे ठरले. आम्ही तेथे साक्षीला होतो, पुढारी म्हणून नव्हे. ज्यांचा हात चालतो त्यांनीच बोलणी केली.

२०२१ पासून खेळण्यांना सरकारी दर्जाचा शिक्का सक्तीचा आहे आणि तो योग्यच आहे. मुलाच्या तोंडात शिशाचा रंग जाऊ नये. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणजे मातीचा मावळा करणारा कुंभार नोंदणी करून घेईल तर वाचेल. पोत्यातून काम नेणारी बाई मात्र या नोंदणीत ना कारागीर ना कामगार. तिची नोंद आजवर झाली ती तिने स्वतः ठेवलेल्या वहीत. तारखेखाली डझनांच्या उभ्या रेघा आणि शेवटी किती मिळाले ते. अशा दोन वह्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी व्याख्यानानंतर थांबावे.